अपंगत्व आलेल्या भावाच्या विनोदावर आम्ही हसावे की नाही?

वारणाकाठ

नमस्कार. बरेच महिने मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडतो आहे. विषय घरातला आहे, परंतु ज्यांनी ही वाट स्वतः तुडवली आहे त्यांच्याकडूनच याचे उत्तर मिळेल असे वाटते. लिहिण्यापूर्वी भावाची परवानगी घेतली आहे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आता ४६ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्याचे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या विद्युत मोटारीत नवी तार भरून देण्याचे, दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, नदीवरची एक मोटार बसवून रात्री परत येत होता. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. दादाची मोटारसायकल तिच्यावर आदळली. मणक्याला मार बसला आणि कमरेखालची हालचाल कायमची गेली. सात महिन्यांनी तो घरी आला आणि त्यानंतर दोन महिन्यांत चाकाच्या खुर्चीवर बसून पुन्हा दुकानात कॉइल भरू लागला.

दादा मुळातच बोलका आणि मिस्कील, परंतु हल्ली त्याच्या विनोदाचा विषय बहुतेक वेळा तो स्वतःच असतो. कोणी सहज विचारले, "काय, कसं चाललंय?" तर तो म्हणतो, "चालत काही नाही, सरकतंय." चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला खुर्च्या कमी पडल्या तेव्हा यजमान घाबरेघुबरे झाले. हा म्हणाला, "माझी काळजी करू नका, मी घरूनच घेऊन आलोय." निवडणुकीच्या दिवसांत दुकानावर गप्पा रंगल्या की त्याचे ठरलेले वाक्य असते, "सगळ्यांना खुर्ची जायची धास्ती, मी एकटाच निवांत." ऐकणारे आधी गप्प होतात, मग एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आई पदर डोळ्यांना लावून आत निघून जाते. मला हसू येते आणि हसल्यावर अपराध्यासारखे वाटते. त्याचे हे बोलणे खरोखरच मोकळेपणाचे आहे, की दुःख झाकायचे त्याने शोधलेले ते झाकण आहे, हे मला कळत नाही.

दुसरी गोष्ट न्यायाची. एका शेतकऱ्याने १,८५० रुपयांच्या बिलाला २,५०० रुपये दिले आणि "राहू द्या, अडीअडचणीला उपयोगी पडतील" असे म्हणून ते गेले. दादाने त्याच संध्याकाळी माझ्या मुलाला सायकलवर पिटाळून ६५० रुपये परत केले. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. कॅरम खेळताना काकाला जिंकू द्यावे म्हणून त्याने समोरची सोपी राणी मुद्दाम सोडली. दादाने स्ट्रायकर खाली ठेवला आणि म्हणाला, "मला हरवायचं नसेल तर माझ्याशी खेळू नकोस." पोराला रडू आले. याउलट, तालुक्याच्या एका बँकेत रॅम्प आहे, पण त्याच्या तोंडाशी नेहमी दुचाक्या लावलेल्या असतात. तेथे दादा एकदा ४० मिनिटे बसून राहिला. "मला उचलून आत नेऊ नका, गाड्या हलवा," एवढेच तो म्हणत होता. शेवटी गाड्या हलल्या. गावात आता लोक म्हणतात, "एकीकडे मदत नको म्हणतो आणि दुसरीकडे हक्कासाठी अडून बसतो, याचं नेमकं म्हणणं तरी काय आहे?" खरे सांगायचे तर कधी कधी हा प्रश्न मलाही पडतो.

आम्ही हसावे का? आणि दादाच्या या दोन वागण्यांत मला दिसते ती विसंगती खरोखरच आहे का?

शाहूपुरीकर

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. मी कोल्हापूरची. १९६७ साली, १४ महिन्यांची असताना, पोलिओच्या तापात माझा उजवा पाय गेला. तेव्हापासून कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूच्या पट्ट्यांची चौकट) आणि कुबडी माझ्या सोबतीला आहेत. ३१ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. माझे अपंगत्व मला कळायला लागायच्या आधीचे, तुमच्या दादांचे भर संसारात आलेले. या दोन्हींत फार मोठे अंतर आहे. हरवलेल्या चालण्याची आठवण त्यांना आहे, मला ती नाही. तेव्हा माझे म्हणणे त्या बेताने घ्यावे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण माझ्या मते पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

लहानपणी आमच्या वाड्यात डबा ऐसपैस रंगायचे. मी त्यात 'कच्चा लिंबू' असे. कच्चा लिंबू म्हणजे काय हे येथे कोणाला सांगायला नको. तो खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही; तो सापडला काय आणि न सापडला काय, सारखेच. मोठ्या माणसांना ही व्यवस्था फार प्रेमळ वाटत असे. मी मात्र जिन्याखाली लपून बसत असे आणि मला शोधायला कोणी येतच नसे, कारण मला शोधून कोणाचा काहीच फायदा नव्हता. लपलेल्या माणसाला कोणी शोधू नये, यासारखे एकटेपण मी पुढे आयुष्यात फार क्वचित अनुभवले.

मी नऊ वर्षांची असताना शेजारच्या एका मुलीने हे बदलले. ती भांडखोर म्हणून प्रसिद्ध होती. तिचे म्हणणे असे, की ही लपते तर हिच्यावर राज्यही आलेच पाहिजे, नाहीतर हिने बसून बघावे. मुलांनी दोन दिवस वाद घातला आणि नियम ठरवले. माझ्यावर राज्य असेल तेव्हा वाड्याच्या चौकाबाहेर कोणी लपायचे नाही. मी डब्यापर्यंत धावायचे नाही. गडी दिसला की त्याचे नाव घेऊन कुबडी फरशीवर तीनदा आपटली की तो बाद. पहिल्याच दिवशी माझ्यावर राज्य आले आणि ते तीन डाव उतरले नाही. सगळे मला हसत होते, चिडवत होते, आणि मी रडवेली होऊन प्रत्येक खांबामागे गडी शोधत होते. त्या रात्री मी आईला सांगितले, "आज माझ्यावर राज्य आलं." तो आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

आता तुमच्या दादांकडे पाहा. मुद्दाम सोडलेली राणी आणि बिलावर ठेवलेले ६५० रुपये त्यांना कच्चा लिंबू बनवतात. बँकेच्या रॅम्पचे तसे नाही. चौकाबाहेर लपायचे नाही आणि कुबडी तीनदा आपटायची, हे जसे आमचे ठरलेले नियम, तसाच तो रॅम्प आहे; त्याने त्यांना खेळात घेतले जाते आणि त्यांचा गुण मोजला जातो. त्यांना उचलून आत नेले असते तर कामही झाले असते आणि लोकांना समाधानही मिळाले असते, परंतु आत गेलेला माणूस स्वतःच्या खात्याचा मालक म्हणून गेला नसता. त्यामुळे मला त्यांच्या वागण्यात विसंगती कुठेच दिसत नाही. दोन्ही वेळा ते एकच गोष्ट मागत आहेत.

आमच्या कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्या संस्थेच्या कार्यशाळेत आणि सिंधुदुर्गातल्या स्वप्ननगरीच्या काजूप्रक्रियेत अपंग माणसे स्वतः काम करतात. त्यांनी केलेला माल बाजारात विकला जातो आणि त्याचे मोल तो माल पाहून ठरते. माझ्या पिढीतल्या अनेकींना पहिल्यांदा हे तेथे पाहून कळले, की आपले काम चांगले किंवा वाईट असू शकते. त्याआधी आमच्या कोणत्याही कामाला सगळे जण "वा!" म्हणत असत. तुमच्या दादांनी भरलेली मोटार जर महिन्याभरात पुन्हा जळाली, तर गिऱ्हाइकाने तक्रार घेऊन यावे असेच त्यांना वाटत असणार. एकदा विचारून बघा.

राहिले हसण्याचे. माझ्या कॅलिपरला गुडघ्यापाशी लॉक आहे. बसताना तो काढावा लागतो आणि 'खट्' असा आवाज येतो. कार्यालयातल्या बैठकीत तो आवाज झाला की पूर्वी सगळे माना खाली घालत. एके दिवशी तो आवाज झाल्यावर मी म्हणाले, "चला, कुलूप उघडलं, आता कामाला लागू या." त्या दिवसापासून माना खाली जाणे थांबले आणि पुढे तर 'खट्' झाले, की बैठक सुरू झाली असे लोक समजू लागले. तो विनोद मी लोकांना हसवावे म्हणून केला नव्हता. ज्या आवाजाला सगळे घाबरत होते, तो आवाज माझा आहे आणि त्याचे काय करायचे ते मी ठरवणार, एवढेच मला सांगायचे होते. तुमचे दादा "सरकतंय" म्हणतात तेव्हा बहुधा तेच सांगत असावेत. तुम्हाला खरोखर हसू आले तर हसा. न आलेले हसू मात्र त्यांना देऊ नका. ते सोडलेल्या राणीसारखेच होईल.

आईंविषयी दोन शब्द. माझी आईही आत निघून जात असे. लहान मूल तापले असताना आपण वैद्य बदलायला हवा होता, या एका विचाराने तिला आयुष्यभर पोखरले. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला होता. ती बातमी आईने वर्तमानपत्रात दोनदा वाचली, चष्मा काढला, माझ्या कॅलिपरकडे बघितले आणि म्हणाली, "म्हणजे आता तुझ्यासारखं मॉडेल निघणार नाही." ४७ वर्षांत माझ्या पायावर तिने केलेला तो पहिला विनोद. आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारीण काय झाले म्हणून बघायला आली. तुमच्या आईंना वेळ द्या. तीन वर्षे म्हणजे आईच्या हिशेबात काहीच नव्हे.

सेवानिवृत्त परिचारिका

मणक्याच्या रुग्णांच्या कक्षात मी बरीच वर्षे काम केले आहे. शाहूपुरीकरताईंचे म्हणणे पटते, परंतु प्रश्नकर्त्या भावांनी "दुःख झाकायचे झाकण" असा जो शब्द वापरला आहे, तो सोडून देण्यासारखा नाही, म्हणून लिहिते.

आमच्या कक्षात एक अलिखित नियम होता आणि तो रुग्णांनीच घालून दिलेला होता. नवीन आलेल्या रुग्णावर कोणी विनोद करायचा नाही. त्याच्या शरीरावरचा पहिला विनोद त्याचा त्यानेच करायचा. तो कधी दहा दिवसांनी होई, कधी तीन महिन्यांनी, आणि काहींच्या बाबतीत कधीच होत नसे. ज्या दिवशी तो होई त्या दिवशी जुने रुग्ण हसत, आणि मग त्याला आपल्यात धरून खुशाल चिडवत. आम्ही कर्मचारी मात्र त्यात तोंड घालत नसू. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटतो. दादांचा विनोद दादांचा आहे. त्यावर हसण्याची मुभा म्हणजे तोच विनोद त्यांच्या पाठीमागे चारचौघांत सांगण्याची मुभा नव्हे.

आता काळजीचा भाग. विनोदावरून मनाची स्थिती ओळखता येत नाही. ती शरीराच्या निगेवरून बरीचशी ओळखता येते. खुर्चीवर असताना दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून बैठकीवरचा दाब ते कमी करतात का? रात्री कूस बदलली जाते का? बैठकीची आणि टाचांची कातडी रोज आरशात पाहिली जाते का? लघवीच्या कॅथेटरच्या वेळा सांभाळल्या जातात का? ज्या भागाला संवेदना नाही तेथे जखम सुरू झालेली कळत नाही, आणि बेडसोअर, म्हणजे सततच्या दाबाने पडणारी जखम, एकदा खोल गेला की महिनोन्‌महिने अंथरूण सुटत नाही. जो माणूस दिवसभर हसवतो आणि या गोष्टींत हयगय करू लागतो, त्याच्या हसण्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तसेच, विनोद फक्त पाहुण्यांसमोर होत असेल आणि दार लागल्यावर घरात शब्दही निघत नसेल, झोप गेली असेल, किंवा "आता माझा काय उपयोग" अशा बोलण्याला विनोदाचे रूप दिले जात असेल, तर वेळ न घालवता मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. मला आपल्या वर्णनात यातले काही दिसत नाही. कॉइल भरणारा, पैसे परत करणारा आणि कॅरममध्ये चिडणारा माणूस आयुष्यात गुंतलेला असतो.

आपण सांगली जिल्ह्यातले आहात म्हणून मुरलीकांत पेटकर यांची आठवण झाली. ते पेठ इस्लामपूरचे. सैन्यात बॉक्सिंग करणाऱ्या या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. या ४६ वर्षांच्या अंतराकडे मी नेहमी बोट दाखवते. त्यांच्या जिद्दीचे कौतुक आपण सगळेच करतो; त्यांच्या वाट्याचा न्याय इतक्या उशिरा का पोहोचला हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

दक्षिणायन

मी थोडे वेगळे बोलणार आहे. शाहूपुरीकरकाकूंबद्दल पूर्ण आदर ठेवूनच बोलतो.

मला जन्मतः सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा राहत नाही. दोन कुबड्यांवर चालतो आणि पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो. लहानपणापासून मला सांगितले गेले, की हसतमुख राहा म्हणजे लोकांना तुझा संकोच वाटणार नाही. मी ते शिकलो आणि त्यात तरबेज झालो. आमच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या होत्या, आत धरायला दांडा नव्हता आणि फरशी कायम ओली असे. म्हणून मी सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत पाणी पीत नसे. दुपारी सगळे चहाला निघाले, की मी म्हणत असे, "माझा रोज निर्जळी उपवास असतो." सगळे हसत असत. हे दोन वर्षे चालले आणि एके दिवशी मूतखड्याच्या कळा येऊन मी टेबलावरच कोसळलो.

रुग्णालयात पडल्यापडल्या लक्षात आले, की त्या विनोदाने माझे काम फार सोपे केले नव्हते. कार्यालयाचे काम सोपे केले होते. मी हसत होतो म्हणून दोन पायऱ्या कोणालाही खुपल्या नाहीत. परत गेल्यावर मी तो विनोद बंद केला आणि एक पानाचा अर्ज लिहिला. चार महिने लागले. दोन वेळा स्मरणपत्र द्यावे लागले आणि "तू आता पूर्वीसारखा राहिला नाहीस" हे वाक्य तिघांकडून ऐकावे लागले. शेवटी पायऱ्यांवर उतार झाला, भिंतीला स्टीलचा दांडा बसला आणि फरशी बदलली. मी आता दिवसाला तीन बाटल्या पाणी पितो.

म्हणून वारणाकाठदादा, मला एवढेच सुचवावेसे वाटते. तुमचा भाऊ विनोद करतो तेव्हा हसण्यापूर्वी एक क्षण त्या विनोदाच्या खाली वाकून बघा. लग्नात "खुर्ची घरून आणली आहे" असे ते म्हणाले, तेव्हा त्या मंगल कार्यालयात त्यांची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह होते का? नसेल, तर ते किती तास तसेच थांबले होते? हसा, पण हेही विचारा. आणि ज्या दिवशी त्यांना विनोद करावासा वाटणार नाही, त्या दिवशी "आज गप्प का?" असे विचारू नका. रोज हसरे राहण्याची सक्ती आमच्यापैकी अनेकांच्या अंगावर शाळेपासून लादलेली असते, आणि ती उतरवून ठेवायला घर सोडून दुसरी जागा नसते.

शाहूपुरीकर

दक्षिणायन, तुमच्याबद्दल आदर वाढला. तुमचे म्हणणे मला वेगळे मुळीच वाटले नाही. माझ्या कार्यालयातही पहिली नऊ वर्षे लिफ्ट नव्हती आणि माझा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. त्या नऊ वर्षांत मी कोणाला किती हसवले आणि व्यवस्थापनाला किती पत्रे लिहिली, याचा हिशेब आज मांडला तर पत्रांची बाजू रिकामी निघते. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते.

काळा कोट

मी वकील आहे. अपंगत्वाशी संबंधित प्रकरणे अधूनमधून पाहतो. वर जे अनुभवातून आले आहे त्याला कायद्याची बाजू जोडतो.

विनोदाचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. एका हिंदी चित्रपटातल्या अपंग पात्रांच्या चित्रणाला निपुण मल्होत्रा यांनी आव्हान दिले होते. मल्होत्रा स्वतः अपंग असून अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात. ८ जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या पीठाने निकाल देताना दोन प्रकारच्या विनोदांत फरक केला. एका विनोदामुळे अपंगत्वाविषयीचे रूढ गैरसमज ढळतात आणि ते जगणे अधिक नीट समजते. दुसरा त्या माणसाला हिणवतो आणि त्याला आणखी पांगळे करतो. विनोद कोण करतो, कोणत्या हेतूने आणि कोणत्या संदर्भात करतो, हे पाहिल्याशिवाय तो कोणत्या प्रकारात मोडतो ते ठरत नाही. परिचारिकाताईंच्या कक्षातल्या रुग्णांनी हाच विवेक कोणत्याही निकालाविना अमलात आणला होता, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. हेही सांगितले पाहिजे, की अपंग व्यक्तीचा अपमान करण्याच्या उद्देशाने तिला चारचौघांत हेतुपुरस्सर हिणवणे हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

आता गावकऱ्यांच्या "याचं नेमकं म्हणणं काय" या प्रश्नाकडे येतो. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वी १९९५ चा कायदा होता. नव्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत, पण माझ्या मते त्याचा गाभा आहे तो 'वाजवी सोय' या कल्पनेत. इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून जो बदल करणे आवश्यक आहे आणि ज्याचा दुसऱ्यावर अवाजवी बोजा पडत नाही, तो बदल म्हणजे वाजवी सोय. तो नाकारणे म्हणजे भेदभाव. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व फार स्पष्टपणे मांडले. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला, अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली असल्याचे कारण देऊन, लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने तो देण्याचा आदेश दिला. लेखनिक उत्तरे सांगत नाही, उत्तरे उमेदवाराचीच असतात. परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे जादा मिळतात, तेही त्याला उत्तीर्ण करण्यासाठी मिळत नाहीत. त्याला जे येते ते कागदावर उतरावे म्हणून मिळतात. शाहूपुरीकरताईंची तीनदा आपटलेली कुबडी याच जातीची आहे, आणि माझ्या अशिलांना कलमे वाचून दाखवण्याऐवजी यापुढे मी त्यांना डबा ऐसपैसचीच गोष्ट सांगणार आहे.

बँकेच्या रॅम्पबाबत दादा कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर होते. सार्वजनिक इमारतींमधील सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना तेथे सहज ये-जा करता यावी यासाठीचे, निकष पाळणे ऐच्छिक असू शकत नाही, असे राजीव रतूडी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. रॅम्प बांधून त्याच्या तोंडाशी गाड्या लावू देणे म्हणजे रॅम्प नसण्यासारखेच आहे.

एक विनंती दादांसाठी. एसटीच्या प्रवासभाड्यातली ७५ टक्के सवलत किंवा ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून अपंगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी, यांना ते जर "दया" समजून नाकारत असतील, तर त्यांनी एकदा शांतपणे हिशेब करावा. खुर्ची, तिच्यावरची खास गादी, कॅथेटर, दुकानाचा बदललेला ओटा, प्रवासात सोबत लागणारा माणूस: हा खर्च त्यांच्या शेजारच्या दुकानदाराला येत नाही. सवलतीने त्या खर्चाचा एक छोटासा भाग भरून निघतो, एवढेच. घ्यायची की नाही हे अर्थात त्यांनीच ठरवायचे आहे.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर मी हे सगळे दादाला मोठ्याने वाचून दाखवले. आई दारात उभी राहून ऐकत होती.

दक्षिणायन यांचा मंगल कार्यालयाचा प्रश्न वाचला तेव्हा मी थांबलो आणि दादाकडे पाहिले. तो हातातली तांब्याची तार बोटाला गुंडाळत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सहा तास. दार अरुंद होतं." त्या दिवशी मी तेथेच होतो, त्याच्या विनोदावर हसलोही होतो, आणि मला हे माहीत नव्हते. पुढच्या महिन्यात आमच्या मेव्हण्याचे लग्न आहे. मी आज सकाळी त्या कार्यालयात जाऊन दारांची रुंदी टेपने मोजून आलो. खुर्ची २५ इंच आहे, स्वच्छतागृहाचे दार २३ इंच. मालकांशी बोलणे झाले आहे. तळमजल्यावरच्या एका खोलीचे न्हाणीघर ३० इंच दाराचे आहे, ते त्या दिवशी मोकळे ठेवणार आहेत, आणि मोठे दार बसवण्याचे त्यांनी लेखी कळवले आहे.

परिचारिकाताई, आरशाची सवय आहे, कॅथेटरच्या वेळाही तो सांभाळतो. हातांवर भार देऊन उचलायचे मात्र कामाच्या नादात राहून जाते असे त्याने कबूल केले. आता दुकानातल्या घड्याळाचा गजर दर २० मिनिटांनी वाजतो.

काळा कोट यांची विनंती त्याने ऐकून घेतली आणि "विचार करतो" म्हणाला. आमच्या घरात हा शब्द तो सहसा 'हो' म्हणायच्या आधी वापरतो.

शाहूपुरीकरताईंच्या आईंचे "तुझ्यासारखं मॉडेल" हे वाक्य मी वाचले तेव्हा आमच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटले, आता ती आत जाईल. ती गेली नाही. तिचे खांदे हलत होते, आणि ती हसत होती हे आम्हाला दोघांनाही जरा उशिराच कळले.

नंतर दादाने माझ्या मुलाला बोलावले. कॅरमचा बोर्ड पूर्वी ठेंगण्या स्टुलावर असे आणि खुर्चीचे हात त्याला अडत. त्यामुळे दादाला डाव्या कोपऱ्यातली सोंगटी कधीच नीट घेता येत नसे. आम्ही स्टुलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, तेव्हा खुर्ची थेट आत गेली. मग दादाने पुतण्याला बजावले, "स्पर्धेच्या नियमाप्रमाणे खेळायचं. खेळताना कोणीही खुर्ची हलवायची नाही आणि खुर्चीवरून उठायचंही नाही. हा नियम मी केलेला नाही, तो पहिल्यापासूनच आहे." पोराला आजवर वाकून, अर्धवट उभे राहून मारायची सवय, तो तीनदा उठला आणि तीनदा फाऊल झाला. पहिला बोर्ड दादाने घेतला. दुसऱ्यात मात्र पोराने राणी कव्हरसह घेतली आणि आठ गुणांनी जिंकला. रात्रीचे पावणेबारा वाजले तरी तिसरा बोर्ड संपला नव्हता, आणि एका फाऊलवरून दोघांचे असे भांडण जुंपले होते, की आईला स्वयंपाकघरातून ओरडावे लागले.